प्रतिसाद: अ‍ॅक्सेस स्विचचे आयपी कसे ठरवावेत?

वर प्रश्न आलाय की चार मजली ऑफिसात प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विचला (ज्यात युजरची मशीन जोडतात तो) प्रत्येक व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायचा का. अजिबात नको. लेयर २ स्विचला (एकाच नेटवर्कच्या आत डेटा पुढे पाठवणारा) आयपी लागतो तो फक्त आपल्याला त्यात लॉगिन करण्यासाठी आणि मॉनिटरिंगसाठी; युजरचा ट्रॅफिक त्याशिवायही जातो. म्हणून प्रत्येक स्विचला एकच पत्ता, तोही फक्त स्विच सांभाळण्यासाठीच्या वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये. व्हीलॅन १ (स्विचवर आधीपासूनच असतो तो) त्यासाठी वापरू नका. डिफॉल्ट गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायच्या वाटेचा पत्ता) मात्र स्विचवर टाकायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या सबनेटमधून (पत्त्यांच्या गटातून) स्विच सापडणारच नाही.

एवढ्या ऑफिसला /२६ आकाराच्या सबनेटमध्ये ६२ पत्ते मिळतात, ते पुरतात. तरी मी त्याहून मोठा /२४ च घेईन, कारण मग मजल्याप्रमाणे आकडे देता येतात: १०.२०.९९.११ ते १९ पहिला मजला, २१ पासून दुसरा. रात्री अलार्म आला की पत्ता वाचूनच कुठल्या मजल्यावर धावायचं ते कळतं. स्टॅक केलेल्या (एकत्र जोडून एकच म्हणून चालणाऱ्या) स्विचना मिळून एकच आयपी, हेही मोजताना धरा.

१९२.१६८.१.० ही रेंज कृपया टाळा. घरच्या राउटरवर बहुधा तीच असते, व्हीपीएनवरून (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून) काम करताना पत्त्यांची हमखास टक्कर होते. आणि या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये फक्त आयटीच्या मशीनना प्रवेश द्या.