ताब्यापूर्वी घराची तपासणी: तपासनीस कोणते निकष पाळतात?

प्रश्न (निळाई):
नमस्कार. बाणेरमधील एका नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर आम्ही सदनिका घेतली आहे. भोगवटा पत्र आले असून पुढील महिन्यात ताबा मिळेल. ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी व्यावसायिक तपासनीसाकडून घर तपासून घ्यावे, असा माझ्या वडिलांचा आग्रह आहे. दोन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. एकाने तीनशेहून अधिक मुद्दे तपासू असे कळवले, तर दुसऱ्याने थर्मल कॅमेऱ्यावर भर दिला. परंतु काम योग्य की सदोष हे कोणत्या मानकावरून ठरवणार, ते दोघांनीही लिहिलेले नाही. वास्तुविशारदांप्रमाणे या तपासनीसांचीही कोठे नोंदणी असते का?

उत्तर (ओळंबा):
मी स्थापत्य अभियंता असून अनेक वर्षे पुण्यातच बांधकामांवर देखरेख केली आहे. गृहतपासनीसांना परवाना देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, म्हणून तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली आणि तिने कामाचे निकष व आचारसंहिता लिहून ठेवली. त्यानुसार तपासणी डोळ्यांना दिसणाऱ्या आणि सहज हात पोहोचेल अशा भागांपुरतीच असते, आणि तपासलेल्या भागांच्या दुरुस्तीचे काम तपासनीसाने पुढील वर्षभर मोबदला घेऊन करायचे नसते. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते, कारण जो वॉटरप्रूफिंगचा ठेकेदारही आहे, त्याला ओल शोधण्यात स्वतःचा लाभ दिसणारच.

आपल्याकडे आधार घ्यायचा तो राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ आणि भारतीय मानकांचा: काँक्रीटसाठी आयएस ४५६, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. मात्र इमारत भूकंपात टिकेल का, हे सदनिकेत दोन तास फिरून कोणालाही सांगता येत नाही. ते संरचना अभियंत्याचे काम आहे.

थर्मल कॅमेऱ्याविषयी एक सांगतो. तो ओल दाखवत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो. संशयित जागी ओलावामापक लावून खात्री केली नसेल, तर त्या रंगीत चित्रांवर विसंबू नये. त्यापेक्षा बाथरूमच्या जाळीचे तोंड बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवणे आणि खालच्या सदनिकेचे छत पाहणे ही जुनी रीत अधिक भरवशाची आहे. फरश्या ठोकून पोकळ आवाज येतो का, बाल्कनीचा उतार जाळीकडे आहे का, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग पोहोचले आहे का, आरसीसीबीचे (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणी बटण दाबल्यावर वीज तुटते का, एवढे तरी अहवालात छायाचित्रांसह आलेच पाहिजे.

उत्तर (सिंहगड रस्ता):
अहवालाचे खरे वजन रेरा कायद्यामुळे आहे. २०१६ च्या या कायद्यातील कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील किंवा गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे अहवाल ईमेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा. चटई क्षेत्रही मोजून घ्या. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते. आमचे घर मार्चमध्ये तपासले तेव्हा कोरडे ठणठणीत होते, आणि जुलैमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीच्या चौकटीखाली ओल उमटली. पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तपासणी करावीच.

उत्तर (पेठेतला वाडा):
जुनी सदनिका घेणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचना परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. सोसायटीकडे तो अहवाल आधी मागावा, मग तपासनीसाला बोलवावे.

निळाई:
सर्वांचे मनापासून आभार. कोणती मानके वापरणार, काय तपासणार नाही आणि दुरुस्तीची कामेही घेता का, हे तीन प्रश्न मी दोघांनाही लेखी विचारले आहेत. सातव्या मजल्यावरील सदनिका अजून रिकामी असल्याने पाणी साठवण्याच्या दिवशी तिची किल्ली मिळावी, असे पत्र आज विकासकाच्या कार्यालयात दिले.