मदत हवी आहे: 'किल ऑर क्युअर' सिनेमाची सबटायटल मागे पडताहेत

गवतीचहा
सबटायटल मागे पडतात. सबटायटल पुढेमागे करणाऱ्या जी-एच कळा दाबून बोटं दुखली. जुळवलं की थोड्या वेळाने परत तेच. शनिवारी सोसायटीत दाखवायचाय आणि टेरी-थॉमस काय बोलतो ते अर्ध्या लोकांना कळणार नाही. लवकर सांगा.

चौकटराजा
कुठला 'किल ऑर क्युअर'? १९२३ चा स्टॅन लॉरेलचा असेल तर तो मूकपट आहे, सबटायटल कशाला?

गवतीचहा
टेरी-थॉमस लिहिलंय की वर! १९६२. निसर्गोपचार केंद्रातले खून.

बटाटेवडा
ते ताण देणाऱ्या यंत्रावर हिरोला बांधतात तोच ना? बाँडपट आहे तो.

चौकटराजा
तो 'थंडरबॉल', १९६५, रंगीत. तिथलं केंद्र श्रबलँड्स. हा कृष्णधवल विनोदी रहस्यपट, केंद्राचं नाव ग्रीन ग्लेड्स.
गवतीचहा, प्लेयर कुठला? व्हिडिओ कुठून आला? आणि फरक पहिल्यापासून तेवढाच राहतो की वाढत जातो?

गवतीचहा
व्हीएलसी, अजून कुठला असणार. इंग्लंडची डीव्हीडी, सबटायटलची फाईल नेटवरून. दहाव्या मिनिटाला २५ सेकंद, तासाने अडीच मिनिटं.

माळावरचा_म्हसोबा
डीव्हीडी जगाच्या ठरावीक भागापुरतीच (रीजन) चालते. इंग्लंडची रीजन २, आपल्याकडे ५. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, जपून. सर्व रीजनचा प्लेयर घ्या, कटकट मिटेल.

गवतीचहा
डिस्क चालतेय हो. सबटायटल विचारतोय.

चौकटराजा
फरक वाढतोय म्हणजे फ्रेम रेट. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, ब्रिटिश डीव्हीडीवर तो २५ ने पळतो, म्हणून चार टक्के लवकर संपतो (आवाजही किंचित चिरका होतो). फाईल २३.९७६ ची दिसतेय. जी-एच सगळ्या ओळी सारख्याच सरकवतात, वाढता फरक त्याने जाणार नाही.
सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडा, सिंक्रोनायझेशनमध्ये चेंज फ्रेम रेट. फ्रॉम २३.९७६, टू २५. वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाईल राहू द्या. मग शेवटचा प्रसंग तपासा. तिथे चार-पाच सेकंद चुकलं तर मूळ फाईलवर २४ ते २५ करून बघा.

पेनकिलर
कशाला एवढं? पॉइंट सिंक करा. एक संवाद सुरुवातीचा, एक शेवटचा, दोन्हींची खरी वेळ द्या, मधलं आपोआप ताणलं जातं. फ्रेम रेटचा अंदाज बांधत बसायला नको.

चौकटराजा
दोन्ही संवाद अचूक पकडता आले तर. एक सेकंदभर चुकला की मधल्या ओळीही चुकतात. इथे आकडे स्वच्छ २५ कडे बोट दाखवताहेत.

पेनकिलर
डीव्हीडीत मधलाच एखादा प्रसंग कापलेला असला तर?

चौकटराजा
मग पॉइंट सिंकही कोसळेल.

हिरवीमिरची
सोसायटीला दाखवायचंच तर मार्गारेट रदरफोर्डचे मार्पलपट (अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर आजी मिस मार्पलचे) दाखवा. दिग्दर्शक तोच, जॉर्ज पोलॉक. लेखक पर्सल आणि सेडन, बहुतेक मार्पलपटांत तेही तेच. आणि रदरफोर्ड आजी टेरी-थॉमसला खिशात घालतात.

बटाटेवडा
इथे इन्स्पेक्टर हूक झालेला लायनेल जेफ्रीज आहे, एरिक साइक्स आहे. आजी राहू द्या. शेवटी खुनी निघतो तो

[स्पॉयलर काढला. शनिवारी लोक बघणार आहेत. – संपादक]

सुगरण७
निसर्गोपचारासाठी उरळीकांचनचा आश्रम उत्तम. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला. वजन उतरवायचं असेल तर नक्की जा.

गवतीचहा
वजन कुणी विचारलं??
२५ केलं. आता फरक वाढत नाही, पण सगळ्या ओळी दीड सेकंद लवकर येताहेत.

चौकटराजा
तेवढ्यापुरता एच. एका दाबाला ५० मिलिसेकंद, म्हणजे तीस वेळा. कायमचं हवं तर सबटायटल एडिटमध्येच सगळ्या वेळा दीड सेकंद पुढे ढकला आणि सेव्ह करा.

माळावरचा_म्हसोबा
शनिवारी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणार की पेनड्राइव्ह टीव्हीला? टीव्ही असेल तर व्हिडिओ आणि एसआरटीचं (सबटायटलच्या फाईलचं) नाव हुबेहूब एकच ठेवा, नाहीतर बऱ्याच टीव्हींना सबटायटल सापडतच नाहीत.

गवतीचहा
टीव्ही. पण व्हिडिओ तर डिस्कवर आहे ना?