जसा प्रश्न तसा म्होरक्या, की म्होरक्याच्या सोयीचा प्रश्न?

बांधावरचा (घाटंजी तालुका)
राजेहो, एक वाद टाकतो. गेल्या साली जूनमध्ये एक पाऊस पडला आणि आमच्या शेतकरी गटाच्या अध्यक्षांनी हुकूम सोडला, "उद्या सगळ्यांनी सरकी टोबा." ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं. आमच्याकडं चाळीसही झाला नव्हता. पुढं पावसानं दडी मारली, दुबार पेरणी आली. ना कोणाला विचारलं, ना पर्जन्यमापक पाहिला. हेच अध्यक्ष बारदाना घ्यायचा तर तीन बैठका लावतात! आणि फवारताना एका मजुराला गरगरलं, तर पोरं आधी त्यांना फोन लावत बसली. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरलो का आपण?

डेव्ह स्नोडेन नावाच्या वेल्श माणसानं १९९९ मध्ये आयबीएममध्ये असताना 'किनेव्हिन' नावाची मांडणी केली. तिचा गाभा एवढाच की प्रश्नाची जात ओळखा, मग वागा. बारदान्याचं उत्तर ठरलेलं असतं, घ्या आणि मोकळे व्हा. मोटर जळली तर जाणकाराला विचारा. पाऊस, भाव, अळी यांचं उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसतं, तिथं थोडं करून पाहायचं आणि वावर काय सांगते ते ऐकायचं. माणूस गरगरला तर विचार नंतर, आधी उचला. एकच अंगवळणी पडलेली तऱ्हा सगळीकडं चालवणारा म्होरक्या मला नको. मी म्हणतो, पेरणीही तीन तुकड्यांत करा, एक तुकडा गेला तरी दोन राहतील.

पऱ्हाटी
तीन तुकड्यांत? मग बोंडअळीला तीन पंगती वाढल्या म्हणायच्या. गुलाबी बोंडअळीचा सारा इलाजच मुळी गावानं एका वेळी पेरण्यात आणि फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढं राखणं) न ठेवण्यात आहे. पेरणी मागंपुढं झाली की तिला पातं-फूल-बोंड सतत मिळत राहतं. म्हणूनच एक जूनच्या आधी शेतकऱ्याला बियाणं विकू नका, असं सरकारनं दुकानदारांना बजावलं होतं. तुमचा प्रयोग तुमच्या धुऱ्यावर थांबत नाही, पतंग उडून माझ्या वावरात येतो. अनिश्चितता आहे म्हणून ज्यानं त्यानं करून पाहावं, हे शहाणपण कंपनीच्या खोलीत ठीक. कपाशीत तारीख सगळ्यांची एकच पाहिजे आणि ती सांगणारा एक माणूस पाहिजे. तुमच्या अध्यक्षांची तारीख चुकली, तऱ्हा नाही चुकली.

बांधावरचा
मानलं. तारखेचा प्रयोग मागं घेतो. पण वाणाचा, दोन ओळींतल्या अंतराचा, आंतरपिकाचा करता येतोच की! शेजाऱ्याला झळ लागणार नाही आणि फसला तर घर बसणार नाही, एवढाच प्रयोग करायचा, ही अट मी आधीच घालायला हवी होती. आणि तुमच्याच अळीचं घ्या. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणाऱ्या) लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा शेकडा दहा फुलं-बोंडं किडली, की फवारा. इथं आकडा ठरलेला आहे, बैठक कशाला? तरी आमच्याकडं डोमकळी (अळी शिरल्यानं न उमललेलं फूल) दिसली की पंधरा मतं.

वऱ्हाडी गडी
भाऊ, हे किनेव्हिन-बिनेव्हिन राहू द्या. आमच्या मागच्या सरपंचानं पाच वर्षं सारं 'तातडीचं' म्हणूनच केलं. पाइपलाइन तातडीची, मुरूम तातडीचा, ग्रामसभा घ्याले टाइम नाही. तुम्ही म्हणता प्रश्न पाहून वागा, पण प्रश्न कसा हाये हे ठरवते कोण? ज्याच्या हाती शिक्का हाये थो! त्याले जे कराचं असते ते तातडीचं, अन् जे नसते कराचं त्याचा 'अभ्यास करू'. तुमच्या मांडणीनं त्याले अजून दोन बहाणे भेटन.

झाडीपट्टी
म्हणून पुरातही सभा घ्यायची का? ऑगस्ट २०२० च्या अखेरीला गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेचं पाणी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरलं. त्या वेळी जो ओरडेल तोच सरपंच.

धानोऱ्याकडचा
आमच्या तालुक्यातल्या (जिल्हा गडचिरोली) मेंढा-लेखा गावाचं सांगतो. तिथं ग्रामसभेत बहुमत नाही, सर्वसहमती लागते. बाहेरच्याला वाटतं, असं कामच कसं होणार? झालं ना. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावाचा एक अभ्यासगट आहे, त्यात नुसती चर्चा होते, निर्णय ग्रामसभेतच. बाहेरचा जाणकार अभ्यासगटात बोलतो, ठरवत नाही. मला वाटतं, प्रश्न जितका गुंतलेला तितकी माणसं जास्त आणि घाई कमी. वणवा लागला तर अर्थातच कोणी सभा बोलवत नाही, पण कोणी धावायचं ते आधी बसूनच ठरवता येतं.

पऱ्हाटी
मेंढा-लेखा लहान गाव आहे. आमच्या गावात चार पुढारी आणि आठ गट, सर्वसहमतीला बसलो तर मृग जाईल आणि पोळा येईल. उशिराचा बरोबर निर्णय कपाशीला काय कामाचा?

बांधावरचा
वऱ्हाडी गड्याचं बोलणं मात्र मला खुपलं, कारण माझ्याकडं त्याला धड उत्तर नव्हतं. आता असं सुचतं: अध्यक्षानं एकट्यानं ठरवलं, तर 'हे तातडीचं का मानलं' ते त्याच दिवशी रजिस्टरात लिहायचं आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्यायचा. रविवारी गटासमोर ठेवतो.

वऱ्हाडी गडी
रजिस्टर कोनाच्या घरी राहते, थे आधी सांग.