तेल कोणाकडून घ्यायचं हे खरंच आपण ठरवतो का?

ऐरोलीकर:
मी रबाळे एमआयडीसीत एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये डिस्पॅच बघतो. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलावरून अमेरिकेने २५ टक्क्यांवर अजून २५ टक्के टॅरिफ लावलं आणि न्हावा शेव्याला निघायचा माल आमच्याकडे थांबवला, पट्ट्या मारलेल्या पेट्या शटरपाशी तशाच पडून. आपण तेल घेतलं तर दुसरा देश असा गळा धरतो, मग धोरण स्वतंत्र आहे म्हणजे नक्की काय?

वाघबीळ_ठाणे:
स्वतंत्रच आहे की. १९९८ ला पोखरण झालं, निर्बंध लागले, सोसले. २०१८ ला रशियाशी एस-४०० या हवाई संरक्षण सिस्टीमचा करार झाला तेव्हाही अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार होती, तरी सिस्टीम आलीच. किंमत मोजावी लागते म्हणून निर्णय दुसऱ्याचा होत नाही.

नेरूळकर:
दादा, मग इराणचं काय? अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत काढली आणि मे २०१९ पासून आपण तिथलं तेल घेणं बंद केलं, आणि तिथल्याच चाबहार बंदरात मात्र आपण स्वतः पैसे घातलेले! पेमेंट डॉलरमध्ये, बँका घाबरतात, टँकरला विमा मिळत नाही, रिफायनरी करणार काय. मला हे फार लागतं.

बोईसरचा_मी:
मी मूळचा बोईसरचा, म्हणून शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राचं सांगतो. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन, आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही तिकडूनच यायचं. १९७४ ला आपण चाचणी केली, १९७८ ला अमेरिकेने अणुइंधनाच्या निर्यातीवर बंधनं घालणारा कायदा केला आणि इंधन अडलं, शेवटी १९८२ ला फ्रान्सकडून सोय झाली. पण नंतरच्या ३ आणि ४ नंबरच्या, ५४० मेगावॅटच्या, आपल्या डिझाईनच्या आहेत, जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियमवर चालतात, समृद्ध युरेनियमची गरजच नाही. तो एक नळ कोणाला बंद करता येत नाही. स्वातंत्र्य मी असंच मोजतो, कुठला नळ कोणाच्या हातात आहे ते बघून.

ऐरोलीकर:
हे पटलं. पण मग आपल्या तेजस लढाऊ विमानाचं इंजिन?

बोईसरचा_मी:
तो नळ अजून अमेरिकेच्याच हातात. तिथल्या जीई कंपनीची इंजिनं उशिरा आली म्हणून तेजसचं मार्क-१ए हे नवं मॉडेल रखडलं. कावेरी या आपल्या स्वतःच्या जेट इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली होती, पण उंचावरच्या टेस्टिंगला इंजिन रशियाला न्यावं लागलं, कारण तशी सोय आपल्याकडे नव्हती. आधी ती टेस्टिंगची सोय इथे उभी करा, त्याला कितीही पैसा लागू दे.