नवं .३२ पिस्तूल: पहिल्या ५० काडतुसांत काय तपासावं?

फोंडेकर:
.३२ चं नवं कॉम्पॅक्ट पिस्तूल आहे, सोबत दोन मॅगझिन (काडतुसं भरायच्या पेट्या). लायसनवर नोंद झाली आहे. काडतुसं मोजकीच मिळतात, म्हणून रेंजवरची पहिली चाचणी ५० मध्ये भागवायची आहे. फॅक्टरीचं ग्रीस काढायचं का? काही अडकलंच तर दोष पिस्तुलाचा, मॅगझिनचा की हाताचा, हे कसं ओळखायचं? आणि आपल्या पावसात ते ठेवायचं कसं?

तिसवाडीकर:
ग्रीस आधी काढाच. ते गंज धरू नये म्हणून थापलेलं असतं, वंगण म्हणून नव्हे. फायरिंग पिनच्या भोकात राहिलं तर पिन मंदावते, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) उथळ खड्डा पडतो आणि गोळी सुटत नाही. आधी मॅगझिन बाहेर काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी बघा, करंगळीनेही चाचपा, मगच खोला. स्लाइडच्या खाचांत तेलाचा एकेक थेंब पुरे. नळी मात्र झाडण्यापूर्वी आतून कोरडी पुसलेली हवी.

मॅगझिनवर मार्करने १ आणि २ लिहा. हे टाळलंत तर अर्धी चाचणी वाया गेली समजा. आधी प्रत्येक मॅगझिनमधून एकच काडतूस, मग दोन-दोन. चाप एकदा ओढून दोन्ही सुटली तर तिथेच थांबा आणि पिस्तूल विक्रेत्याकडे परत न्या. म्हणून तर सुरुवातीला मॅगझिन भरायचं नाही. इथवर ६ झाली. मग पाच-पाच, प्रत्येक मॅगझिन दोनदा, म्हणजे २०. मग पूर्ण भरून एकेकदा. ७ बसत असतील तर १४. उरलेली १० नेमासाठी.

अडकलं की एका वेळी एकच गोष्ट बदला. पुन्हा त्याच मॅगझिनमध्ये अडकतं? मग मॅगझिनची स्प्रिंग किंवा वरचे ओठ बघा. दोन्हींत अडकतं? मग तेच पिस्तूल, तीच काडतुसं रेंजवरच्या अनुभवी माणसाच्या हातात द्या. त्यांच्याकडे सुरळीत चाललं तर तुमचं मनगट सैल आहे. .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक असतात, म्हणजे गोळी झाडल्याच्या दाबानेच स्लाइड मागे ढकलली जाते. मागे हात घट्ट नसेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते.

रेंजमास्तर:
वरच्यात एक भर. .३२ च्या काडतुसाची बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढेच बसली पाहिजे. मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि स्लाइड कितीही आपटली तरी सुटत नाहीत. मॅगझिन काढून रिकामं करणं हाच उपाय. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीत हे जास्त होतं, कारण पुढे जागा उरते आणि काडतूस मागेपुढे सरकतं. चाचणीला गोल टोकाचीच वापरा.

नेमासाठी १० मीटरवर, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून पाच-पाच गोळ्या झाडा. पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर १२ सेंमी धरलं तर साइट जुळवण्यात १ मिमी चूक म्हणजे लक्ष्यावर ८ सेंमीहून जास्त फरक. छोट्या पिस्तुलाला नावं ठेवण्याआधी हे ध्यानात घ्या. उजव्या हाताने झाडताना गोळ्या डावीकडे-खाली जात असतील तर बहुधा चाप झटक्याने ओढला जातोय. मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी (न उडणारं) काडतूस दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. डमीवर नळी खाली दबली की कारण सापडलं. साइटला हात लावू नका.

डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच नको. आखूड मुठीवर तो नकळत तिथे जातो आणि परतणारी स्लाइड कातडी सोलते.

फोंडेकर:
रेंजमास्तरबाब, आणि नुसतं टक् होऊन गोळी सुटलीच नाही तर?

रेंजमास्तर:
नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग मॅगझिन काढून काडतूस बाहेर काढा. आवाज दबका आला, झटका कमी बसला, तर त्याहून गंभीर: गोळी नळीतच राहिलेली असू शकते. पुढची झाडली तर नळी फुटू शकते. पिस्तूल रिकामं करा, खोला, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.

साखळीचो शेतकार:
चाचणी लायसन असलेल्या रेंजवरच, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) नव्हे. निष्काळजी गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात आला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. खारी हवा आणि हाताचा घाम मिळून मुठीजवळ आणि स्लाइडवर आधी गंज येतो. हाताळलं की तेलाच्या फडक्याने पुसायचं, सिलिका जेलबरोबर कुलुपात ठेवायचं. काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि त्यांना तेल अजिबात नाही; तेल प्रायमरमध्ये झिरपून ती निकामी होतात. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला तर देण्यापूर्वी आतून-बाहेरून तेल लावा, नंबर टाकलेली पावती घ्या, आणि परत मिळाल्यावर झाडण्याआधी नळी पुसून गंज तपासा.