अनुभव धागा: बारकी लेकरं आणि वस्तीचं काम

मागच्या आठवड्यात तिसरीतल्या लेकीनं शाळेची चिठ्ठी आणली: 'स्वच्छता उपक्रम. झाडू आणावा.' नेला. मैदान सफाईवाल्या मावशींनी आदल्या दिवशीच झाडून ठेवलं होतं. मुलं रांगेत उभी राहिली, फोटो निघाला, झाडू परत घरी. लेक विचारते, "पण आम्ही केलं काय?" म्हणून हा धागा. पहिली ते पाचवीच्या मुलांनी वस्तीसाठी खरंच काही केलं असेल तर लिहा. फसलेलंही चालेल.

शिक्षिका, मानेवाडा
आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ महिनोन्महिने गळत होता. चौथीच्या मुलांनी खाली दहा लिटरची बादली लावली आणि घड्याळ धरलं. आठ मिनिटांत भरली. फळ्यावर हिशेब मांडला: तासाला 75 लिटर, दिवसाला 1800. नागपूरला पाणी पेंच आणि कन्हानहून येतं हे मी आधीच शिकवलं होतं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नव्हती. फळ्यावरचा 1800 पाहून एक जण म्हणाला, "इतक्या दुरून आणून नालीत सोडून राहिले का मॅडम?"

अर्ज मुलांनीच लिहिला. ऱ्हस्व-दीर्घ मी मुद्दाम सुधारलं नाही. उत्तर आलं नाही. दुसरा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनिशी दिला, तेव्हा माणूस आला. त्यानं काढलेला झिजलेला वायसर वर्गात हातोहात फिरला. "एवढंसंच होतं?" मग खरा प्रश्न आला: पुन्हा गळला तर पाहायचं कोणी? आता दर सोमवारी दोघं जण नळ पाहून येतात.

महालमधली आई
आमच्याकडे तान्ह्या पोळ्यालाच (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) मारबत निघते, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक; सोबत बडगे, वाईट गोष्टींवर टीका करणारे पुतळे. मोठ्यांचे बडगे पाहून गल्लीतल्या पोट्ट्यांनी स्वतःचा बडग्या करायचं ठरवलं, खर्ऱ्याच्या (घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या) प्लास्टिक पन्नीचा. चिमटे आणि हातमोजे दिले (हे आधी सुचलं नव्हतं, शेजारीण ओरडली तेव्हा सुचलं, बरोबरच होतं तिचं). एका संध्याकाळी एकट्या आमच्या गल्लीत 214 पन्न्या निघाल्या. बडग्याच्या गळ्यात त्यांची माळ घातली आणि पोट्टे ओरडत सुटले, "नालीत पन्नी टाकणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

ओट्यावर माझे सासरे खर्रा घोटत बसले होते. नातवानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, तरी ते उठून आत गेले. खर्रा सुटला नाही. पन्नी मात्र आता खिशात जाते, आणि धुण्यात मलाच सापडते.

बाबा, इंदोरा
आमच्या गल्लीतले लोक दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीजवळ पाण्याचा स्टॉल लावतात. मुलगा दुसरीत होता तेव्हापासून ग्लास भरायचं काम त्याचं. पहिल्या वर्षी मराठवाड्यातून आलेल्या एका आजीनं पाणी प्यायल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवला. घरी येताना विचारतो, "आजी इतक्या दुरून काऊन आली?" 14 ऑक्टोबर 1956 ला इथं काय झालं ते मी त्याला स्कूटरवरच सांगितलं. घर आलं तरी उतरेना.

शिक्षक, हिंगणा रोड
आमचं फसलं. पाखरांसाठी मातीची भांडी मार्चमध्ये थाटात टांगली. मे महिन्यात पारा 45 वर, शाळेला सुट्टी, भांडी कोरडी ठाक. पाऊस पडल्यावर भरली ती डासांच्या अळ्यांनी. डेंग्यूच्या दिवसांत आम्ही डास पाळले म्हणायचे! आता आधी सुट्टीची पाळी ठरते, मग भांडं टांगतो. पाळी पोरंच लावतात आणि चुकणाऱ्याला माझ्यापेक्षा कडक बोलतात.

आजी, मनीषनगर
सगळ्यांचं वाचलं. एक सांगते. नातीच्या शाळेत उशिरा येणाऱ्यांना मैदानातला कचरा उचलायला लावतात. मग सेवेच्या दिवशी पुन्हा तेच काम. त्या दिवशी ही जागची हलेना. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली, "आज तर मी वेळेवर आली."