प्रसन्ना डी सिल्वा: श्रेय किती द्यायचं?

तेरावी गल्ली, राजारामपुरी
एमएस्सीच्या ग्रुपवर काल वाद पेटला, तो इथे आणतोय. प्रसन्ना डी सिल्वा, जन्म कोलंबोचा, कारकीर्द बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात. सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीत, म्हणजे रेणू एकमेकांना कसे पकडतात या शाखेत, ज्यांचं काम थेट पेशंटपर्यंत पोचलं अशी नावं थोडी, त्यांत हे वरचं, असं माझं मत.

त्यांची रचना बघा. एका टोकाला प्रकाश देणारा फ्लुओरोफोर, दुसऱ्या टोकाला आयन पकडणारा रिसेप्टर, मध्ये छोटा स्पेसर. रिसेप्टर रिकामा असला की त्याचा इलेक्ट्रॉन उडी मारून फ्लुओरोफोरचा प्रकाश विझवतो. आयन येऊन बसला की तो इलेक्ट्रॉन अडकतो आणि रेणू उजळतो. याच तत्त्वावर रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या कॅसेट बाजारात आल्या. १९९३ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी सोडियम आणि आम्ल दोन्ही असतील तरच उजळणारा रेणू दाखवला, म्हणजे रेणूचं अँड गेट, कॉम्प्युटरमधल्यासारखं दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ‘हो’ म्हणणारं. तरी आमचे दोस्त म्हणतात, नोबेल कुठाय? बोला आता.

पंचगंगा घाट
नोबेलचा मुद्दा सोड, तो फालतूच आहे. पण श्रेय वाटताना हात आवरता घे भावा. इलेक्ट्रॉनच्या उडीने प्रकाश विझतो हे वेलर यांच्या गटाने साठच्या दशकातच दाखवलं होतं. आयन पकडणारे क्राउन ईथर पेडरसन यांचे, १९६७ चे. कॅसेटमधला पोटॅशियम ओळखणारा रेणू तर कॅसेट बनवणाऱ्या कंपनीच्या केमिस्ट लोकांनी घडवला, त्यांचा स्वतःचा पेपर २००३ चा आहे. मग डी सिल्वांच्या वाट्याला नक्की काय आलं?

तेरावी गल्ली, राजारामपुरी
जोडणीचा नियम आला की! रक्तात पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल, सोडियम १३५ ते १४५. म्हणजे नको असलेला आयन तीसपट गर्दी करून उभा, आणि त्यातून हवा तो ओळखायचा. कंपनीच्या लोकांनी सोडियमला दाद न देणारा रिसेप्टर बनवला, ते काम अवघड होतं, मान्य. पण त्यांना सगळा रेणू पहिल्यापासून शोधावा लागला नाही. रिसेप्टर बदला, बाकी सांगाडा तोच. दुसऱ्याला उचलून वापरता येईल असा सांगाडा देणं, यापेक्षा मोठा प्रभाव कुठला असतो?

शाहूपुरी लॅबवाला
तुमचं चालू द्या, पण ‘थेट पेशंटपर्यंत’ वाचून राहवलं नाही. रोज सोडियम-पोटॅशियमचे रिपोर्ट काढतो. आमच्याकडं मशीन इलेक्ट्रोडचं. त्यात प्रकाशबिकाश काही नाही. ओळखीच्या लॅबमध्येही तेच, कारण सोपं आहे: इलेक्ट्रोड बसवला की त्यावर ढिगानं सॅम्पल निघतात. कॅसेट एकदा वापरली की कचऱ्यात. आयसीयूत किंवा रुग्णवाहिकेत, जिथं दोन थेंब रक्तात तातडीनं आकडा पाहिजे, तिथं तिची किंमत वसूल होते. पण दिवसभर सॅम्पलचा रतीब असलेल्या लॅबला ती परवडत नाही. तेव्हा जग बदललं वगैरे जरा बेतानं.

सागरमाळ
मी याच विषयात पीएचडी करतेय. माझी तक्रार वेगळीच आहे. डी सिल्वांच्या सांगाड्यामागोमाग ‘अमुक आयनसाठी चमकणारा सेन्सर’ अशा पेपरांचा पूर आला. त्यातल्या लोखंड ओळखणाऱ्या सेन्सरांचं बघा. फेरिक आयन, म्हणजे लोखंडाचाच आयन, स्वतःच अतिनील प्रकाश शोषतो, त्यामुळे बाटलीत जवळपास काहीही चमकणारं असलं तरी ते मंद होतं. त्याला ‘ओळखलं’ म्हणायचं का? मग शेवटच्या पानावर नदीचं पाणी आणायचं, त्यात आपणच मोजून आयन घालायचा आणि तेवढाच सापडला म्हणून टाळ्या. पंचगंगेत मासे मरतात तेव्हा यातला एक तरी सेन्सर घाटावर दिसतो का? आणि हे सगळे पेपर डी सिल्वांच्या सायटेशनमध्ये, म्हणजे इतर पेपरांत होणाऱ्या त्यांच्या उल्लेखांत, भर घालतात. म्हणून सायटेशन बघून प्रभाव ठरवणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

तेरावी गल्ली, राजारामपुरी
ताई, नक्कल करणाऱ्यांचं पाप मूळ माणसाच्या माथी कशाला? सायटेशन तर मी काढलेच नव्हते.

सागरमाळ
माथी मारत नाहीये. तुम्ही वर म्हणालात, दुसऱ्याला उचलून वापरता येईल असा सांगाडा म्हणजे प्रभाव. उचलणाऱ्यांनी त्याचं काय केलं हेही मग त्याच हिशेबात धरा. दोन कॅसेट जमेला आणि हजार बिनकामाचे पेपर खर्चाला नाहीत, असं कसं चालेल?

निवृत्त मास्तर, ताराबाई पार्क
मुलांनो, एक राहिलं. हा सांगाडा फळ्यावर तीन चौकोन काढून बीएस्सीच्या पोराला समजतो. इतकी वर्षं शिकवलं, फोटोकेमिस्ट्रीतल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हणता येतं. हेही जमेला धरा.

पंचगंगा घाट
सर, जमेला धरलं. पण अँड गेटचं कुणीच बोलेना. १९९३ पासून रेणूंचा कॉम्प्युटर येणार येणार ऐकतोय. कुठाय?

तेरावी गल्ली, राजारामपुरी
कॉम्प्युटरची हवा इतरांनी केली. २००६ मध्ये त्यांच्याच गटाने सोडियम, आम्ल आणि जस्त तिन्ही असतील तरच उजळणारा रेणू केला. तीन तपासण्या, उत्तर एकच, हो किंवा नाही. निदानासाठी हे कामाचं आहे.

शाहूपुरी लॅबवाला
डॉक्टरला नुसतं हो-नाही देऊन बघा. लगेच फोन येतो, आकडा सांगा म्हणून.